घरटी असताना छाटणी करायची की नाही?

अंगण आणि आवार : वाचकांचे प्रश्न

होळी झाली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. खत-माती बाजूला पडते आणि छाटणी सुरू होते. यंदा तर आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच पेचाची आहेत: आवार साफ करायचंय, पण झाडात घरटं आहे. एका शिक्षणसंस्थेच्या आवाराची उद्यान अधीक्षक म्हणून मी निवृत्त होईपर्यंत काम केलं, त्यामुळे हा पेच मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. म्हणून हे सदर या वेळी त्यालाच दिलं आहे.

आमची कोथरूडमध्ये जुनी सोसायटी आहे. आवारात गुलमोहर, सोनमोहर, एक मोठा रेन ट्री आणि भिंतीलगत ड्युरांटाचं कुंपण आहे. दरवर्षी मे महिन्यात ठेकेदाराकडून पावसाळ्यापूर्वीची छाटणी करून घेतो. या वेळी एका सभासद बाईंनी कुंपणात बुलबुलाचं घरटं आहे म्हणून काम थांबवायला लावलं. ठेकेदार म्हणतो, महापालिकेची परवानगी हातात आहे, कुणी अडवू शकत नाही. कोणाचं बरोबर? — सोसायटीचे सचिव, कोथरूड

बाईंचं बरोबर आहे. ठेकेदाराच्या हातातली परवानगी खोटी नाही, पण ती दुसऱ्या कायद्याची आहे.

महापालिकेचा उद्यान विभाग फांद्या छाटायला किंवा झाड काढायला जी परवानगी देतो, ती महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्याखाली. तिथे विचार होतो तो झाडाचा. पक्ष्यांसाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आहे आणि तो वन विभागाच्या अखत्यारीत येतो. त्याच्या कलम २ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही धरलेलं आहे. कलम ९ ने अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांतल्या, प्राणी-पक्ष्यांची शिकार बंद केली आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पहिल्या अनुसूचीतला जीव असेल तर शिक्षा आणखी कडक होते. महापालिकेच्या कागदाने ही जोखीम टळत नाही.

आणि ड्युरांटाच्या कुंपणाला तर महापालिकेची परवानगीही कुणी मागत नाही. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त घरटी जातात ती तिथेच. माळी सकाळी यंत्र चालू करतो, तासाभरात कुंपण सरळ रेषेत येतं, आणि आत काय होतं हे कुणाला कळतही नाही.

‘काम ठेकेदाराने केलं, आमचा काय संबंध’ असं कमिटीत कुणी म्हणेल. याच कायद्याचं कलम ५२ गुन्ह्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही धरतं. कलम ५८ संस्थांबद्दल आहे: गुन्हा संस्थेकडून घडला, तर त्या वेळी कारभार ज्याच्या हाती होता त्याला जबाबदार धरता येतं. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण योग्य ती सगळी काळजी घेतली होती, हे त्याने दाखवून दिलं तर तो सुटतो. तुमच्या बाबतीत ‘माहीत नव्हतं’ हा मार्ग संपला, कारण बाईंनी सांगितलंय. उरली काळजी. तेव्हा ती घ्या आणि सोसायटीच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा: कोणत्या झाडाची, कोणत्या कुंपणाची पाहणी केली, कुणी केली, काय दिसलं, काय सोडून दिलं. २०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंद करण्यासाठी घरट्यांनी भरलेलं झाड पाडलं, पिल्लं रस्त्यावर आपटून मेली आणि वन विभागाने गुन्हा नोंदवला. रस्त्याचं काम सरकारी होतं, तरी गुन्हा नोंदवला गेला.

आता पाहणी कशी करायची ते सांगते, कारण ‘आम्ही बघितलं, काही नव्हतं’ हे वाक्य मी फार ऐकलंय. फांद्या बाजूला सारून आत डोकावणं म्हणजे पाहणी नव्हे. त्याने पक्षी उडतो, आणि वर बसलेल्या कावळ्याला घरट्याचा पत्ता मिळतो. सकाळी ऊन चढायच्या आत कुंपणापासून दहा-बारा पावलं लांब, शक्यतो भिंतीला टेकून, अर्धा तास स्वस्थ उभं राहा आणि पक्ष्याच्या चोचीकडे लक्ष ठेवा. चोचीत काडी, कापूस, कोळ्याचं जाळं असेल तर बांधकाम चालू आहे. चोचीत अळी किंवा किडा आहे, तो खात नाही, इकडेतिकडे बघत झुडपात शिरतो आणि रिकाम्या चोचीने बाहेर येतो, तर आत पिल्लं आहेत. बाहेर पडताना चोचीत पांढरी ओलसर गोळी दिसली तर शंकाच नको. ती पिल्लांची विष्ठा. पातळ आवरणात बांधलेली असते, आई-बाप ती उचलून लांब नेऊन टाकतात म्हणजे घरटं स्वच्छ राहतं. उबवणीचा काळ मात्र फसवा असतो, कारण तेव्हा पक्षी तासन्‌तास हलत नाही. म्हणून एका सकाळच्या पाहणीवर भरवसा ठेवू नका, दोन-तीन सकाळी बघा.

माळीदादांना दोन घरटी आवर्जून ओळखायला शिकवा. एक शिंपी पक्ष्याचं. रुंद पानं कडांना भोकं पाडून धाग्यांनी टाचलेली असतात आणि आत कापसाची वाटी असते. बाहेरून ते फक्त गुंडाळलेलं, कीड लागलेलं पान वाटतं आणि तसंच समजून तोडलं जातं. दुसरं शिंजीराचं, म्हणजे ज्याला आपण सूर्यपक्षी म्हणतो त्याचं. फांदीच्या टोकाला, पुष्कळदा अगदी जिन्याजवळ किंवा गॅलरीसमोर, सालपटं, जाळी आणि काटक्याकुटक्यांचा एक लोंबता पुंजका दिसतो. झाडणारी बाई त्याला जळमट समजून झाडूने ओढते. नीट बघा, वरच्या बाजूला एक बारीक दार असतं आणि त्यावर चिमुकलं छप्पर.

तर या वर्षी काय करायचं? बुलबुलाच्या घरट्यापासून दोन्ही बाजूंना तीन-चार मीटर कुंपण न कापता सोडा. कायद्यात असं अंतर दिलेलं नाही, हा माझा स्वतःचा रिवाज आहे. बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि आणखी जवळपास तेवढ्याच दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर पडतात. महिनाभर कुंपण एका ठिकाणी वाढलेलं दिसेल, दिसू द्या. मोठ्या झाडांपैकी ज्या फांद्या खरोखर धोक्याच्या आहेत, म्हणजे चिरलेल्या, पोकळ, वाहनतळावर किंवा विजेच्या तारांवर झुकलेल्या, तेवढ्याच पाहणी करून काढा. धोक्याच्या फांदीवरच घरटं असेल तर स्वतः निर्णय घेऊ नका. क्षेत्रीय कार्यालयाला आणि वन विभागाला दोघांनाही लेखी कळवा, फांदीखालची जागा दोरी लावून बंद करा. माणसाच्या जिवाला धोका असेल तर वाट मोकळी करण्याचे अधिकार कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकांना दिलेले आहेत, कमिटीला नाहीत.

पुढच्या वर्षीचं मात्र आत्ताच ठरवा, कारण माझं खरं म्हणणं तेच आहे. मे महिन्यातली छाटणी ही सवय आहे, गरज नाही. पुण्यात फांद्या कधी पडतात ते आठवा. एप्रिल-मे मधल्या वळवाच्या वावटळीत. म्हणजे मेच्या अखेरीस ठेकेदार येतो तेव्हा पडायच्या त्या फांद्या पडून गेलेल्या असतात. गुलमोहर आणि सोनमोहर त्याच सुमाराला फुलतात, तो बहर आपण कापतो. खोडावरची सावली ऐन उन्हाळ्यात काढून घेतो. तेच काम दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीत संपवलं तर झाड वळवाच्या आधीच हलकं होतं, कापलेली जागा कोरड्या हवेत सुकते, आणि घरट्यांची संख्या वर्षातली सगळ्यात कमी असते. पावसाळा संपत आला की अर्ज करा आणि वार्षिक कराराची मुदत त्या हिशेबाने बदलून घ्या.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिथे म्हणे मार्च ते ऑगस्ट कुंपणं कापत नाहीत. आपल्याकडे अशा तारखा ठरलेल्या आहेत का? — एक वाचक, मॉडेल कॉलनी

नाहीत. तिकडच्या १९८१ च्या कायद्यानेही वापरातलं किंवा बांधलं जात असलेलं घरटं मुद्दाम मोडणं हा गुन्हा आहे, आणि मार्च ते ऑगस्ट हा तिथला मुख्य हंगाम. आपला कायदा बारा महिने लागू असतो आणि आपले पक्षीही बारा महिने कामात असतात. तारखा शोधण्यापेक्षा आपल्या आवारात कोण राहतं हे माहीत असलेलं बरं.

पुण्यापुरतं बोलायचं तर घारी थंडीतच उंच झाडांवर काड्या नेऊ लागतात. फेब्रुवारीपासून ढोलीवाले लागतात: पोपट, पिंगळा, तांबट. मार्चपासून बुलबुल आणि दयाळ. टिटवी मोकळ्या जमिनीवर. कावळा एप्रिलपासून, पावसाच्या आधी पिल्लं मोठी करायच्या घाईत. पाऊस पडला की दुसरी पाळी सुरू होते. सुगरण विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर, मुनिया काटेरी झुडपात, वटवट्या उंच गवतात, बगळे आणि रात्रबगळे नदीकाठच्या मोठ्या झाडांवर वसाहती करून. शिंपी पावसातही टाचकाम करत असतो. होले तर वर्षभर, कुंडीत, एसीच्या खोक्यावर, कुठेही.

यात धनेशाबद्दल जरा जास्त सांगते. वेताळ टेकडीच्या, विधी महाविद्यालयाच्या टेकडीच्या आसपास राहणाऱ्यांना हा राखाडी, वाकड्या चोचीचा मोठा पक्षी रोजचा आहे. साधारण मार्चनंतर मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. नर तिला आणि पुढे पिल्लांना त्या फटीतून भरवतो. वड, पिंपळ, उंबर यांची फळं एकामागून एक काढून देताना मी त्याला पाहिलं आहे. बाहेरून बघणाऱ्याला झाडाला नुसतं एक बुजलेलं भोक दिसतं. अशा झाडाखाली करवत चालली, नर बुजून येईनासा झाला, तर आतलं अख्खं कुटुंब उपाशी मरतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ढोल असलेल्या जुन्या झाडाला मार्च ते जून हात लावू नका. झाड ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीने त्याला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. ते तोडण्याची प्रक्रिया त्यामुळे वेगळी आणि जास्त कडक आहे.

मी औंधमधल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. मैदानाच्या कडेला टिटवीने खडीत चार अंडी घातली आहेत. उन्हाळी शिबिर चालू आहे आणि मैदानावर रोलर फिरवायचा आहे. अंडी टोपलीत घालून कडेला ठेवली तर चालेल का?

नाही, अजिबात नको. अंडी उचलणं कायद्यातही बसत नाही आणि टिटवीच्या हिशेबातही. जागा बदलली की ती अंडी तिची राहत नाहीत.

सर, चुन्याची फक्की आणि चार खुंट्या घ्या. अंड्यांभोवती पाच-सहा मीटर अंतरावर दोरी बांधा आणि तेवढा कोपरा शिबिरातून वगळा. खुंट्या संध्याकाळी ठोका. दुपारी चुकूनही तिकडे जाऊ नका, कारण मे महिन्यात पुण्याच्या उन्हात उघडी पडलेली अंडी काही मिनिटांत भाजून निघतात. त्या वेळी टिटवी ऊब द्यायला बसलेली नसते, सावली धरायला बसलेली असते. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. म्हणून मैदानाच्या नळाखाली एक उथळ थाळी भरून ठेवलीत तर तिचा फेरा वाचेल.

अंडी उबायला चार आठवडे लागतात. पिल्लं निघाली की थोड्याच वेळात चालायला लागतात, आणि आई-बाप त्यांना घेऊन गवतात निघून जातात. त्यानंतर पहिला आठवडाभर मैदानाच्या कडेचं गवत यंत्राने कापू नका. धोका वाटला की ती पिल्लं पळत नाहीत, जागच्या जागी दबून बसतात, आणि पात्यासमोरूनही हलत नाहीत. रोलर बाकीच्या मैदानावर खुशाल फिरवा. मुलांना लांबून दाखवा, जमल्यास एक दुर्बीण आणा. टिटवी डोक्यावर झेपावत ओरडली तर टोचणार नाही, फक्त हाकलते.

बंगल्यातल्या पांगाऱ्याची एक फांदी पूर्ण वाळली आहे. तिच्यात तांबटाने भोक पाडलंय. वाळकी फांदी तर काढायलाच हवी ना? — सहकारनगर

तांबटाला वाळकी फांदीच लागते, ओल्या लाकडात त्याला कोरता येत नाही. भोक बहुतेक फांदीच्या खालच्या अंगाला असेल. फांदी रस्त्यावर किंवा छपरावर येत नसेल तर तशीच राहू द्या. खाली कुणी बसत असेल तर बसायची जागा हलवा. पिल्लं उडाल्यावर, आणि तेही परवानगी घेऊन, टोकाचं वजन कमी करा आणि भोकासह हातभर खुंट ठेवा. पुढच्या वर्षी कुणी ना कुणी तिथे राहायला येतं.

वाहनतळाशेजारच्या कडुलिंबावर कावळ्याचं घरटं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर टोचा मारतात. कावळ्याला कायद्याचं संरक्षण नसतं असं ऐकलं आहे. घरटं काढून टाकू का? — सिंहगड रस्ता

ऐकलंत ते जुनं झालं. कावळा पूर्वी पाचव्या अनुसूचीत, उपद्रवी ठरवलेल्या जिवांत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली, आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती अमलात आहे. शिवाय त्याच घरट्यात कोकिळेचं पिल्लू असायची दाट शक्यता आहे. कावळे टोचतात ते पिल्लं उडायला शिकतात त्या थोड्या दिवसांत. तेवढे दिवस छत्री घेऊन जा किंवा दुसरं फाटक वापरा. लहान मुलांना त्या बाजूने पाठवू नका.

मी धायरीकडे सोसायट्यांमध्ये माळीकाम करतो. मागच्या आठवड्यात मेंदीचं कुंपण कापताना घरटं खाली आलं. दोन पिल्लं होती. मुकादम म्हणाला, दे टाकून भिंतीपलीकडे. मला टाकवेना, घरी आणली. एक मेलं. एक जगलंय, त्याला दूध-भात देतोय. पोरगी म्हणते पाळू. कुणी तक्रार केली तर मला धरतील का?

दादा, पिल्लं टाकली नाहीत हे फार चांगलं केलंत.

आधी पिल्लाचं बघू. दूध आजच बंद करा, पक्ष्याला ते पचत नाही. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. बुटाच्या खोक्याला भोकं पाडा, आत जुना सुती कपडा ठेवा, झाकण लावा आणि अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे, तिच्यावर फोन करून जे घडलं ते तसंच सांगा. बावधनला रेस्क्यू संस्थेचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, तिथे अशी पिल्लं नेमाने येतात. रानपक्षी घरी पाळता येत नाही, कायद्याने नाहीच, आणि माणसात वाढलेलं पिल्लू पुढे रानात टिकतही नाही. मुलीला हे समजावून सांगा आणि पिल्लू पोचवायला तिलाही बरोबर न्या.

तक्रारीची भीती मनात ठेवून लपवू नका. स्वतःहून कळवणाऱ्या माणसाकडे आणि भिंतीपलीकडे टाकणाऱ्याकडे बघण्यात फरक पडतो. आणि कुंपण त्या दिवशी कापायचं हे तुम्ही ठरवलं नव्हतं, ज्यांनी ठरवलं त्यांचीही जबाबदारी आहे. वर कोथरूडच्या पत्राला दिलेलं उत्तर तुमच्या मुकादमाला वाचायला द्या.

पुन्हा असं घडलं तर पिल्लं घरी न्यायच्या आधी एक गोष्ट करून बघा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला सोडते, हा गैरसमज आहे. पडलेलं घरटं एका छोट्या टोपलीत बसवा, पाणी साचू नये म्हणून तिला खाली भोकं असू द्यात, आणि ती त्याच जागेजवळ, सावलीत, पानांच्या आड तारेने बांधा. पिल्लं आत ठेवा आणि लांब जा. पुष्कळ वेळा तासा-दोन तासांत आई-बाप चारा घेऊन येतात. संध्याकाळपर्यंत कुणीच आलं नाही तर मग फोन. पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते बहुतेक पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. त्याला मांजर पोचणार नाही अशा झुडपावर ठेवायचं आणि निघून जायचं.

आणि सचिव मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: करारात एक ओळ घाला. घरटं दिसल्यामुळे माळ्याने काम थांबवलं, तर त्या दिवसाची मजुरी पूर्ण द्यायची. शिडीवर उभा असलेला माणूस घरटं सगळ्यात आधी बघतो, आणि रोजगार बुडेल या भीतीने तोच गप्प बसतो. मी ही ओळ सुचवते तेव्हा कमिटीत पहिला प्रश्न खर्चाचा येतो. हंगामात असे दिवस चार-दोनच निघतात आणि त्या दिवशी त्याच माळ्याकडून झाडांभोवती आळी करून घेता येतात, पालापाचोळा खतखड्ड्यात टाकून घेता येतो.

दादा, बावधनला जायचं ते सकाळी लवकर निघा. खोकं मांडीवर धरा, पिशवीत घालू नका, आणि घरटं कोणत्या झुडपात होतं तेही तिथे सांगा.